टकलावरील बाह्योपचार

पुरुषांच्या डोक्यावरील केस तारुण्यानंतर ठराविक क्रमाने विरळ होत जाऊन प्रथम कपाळाच्या दोन्ही बाजू व माथ्याचा मागील भाग आणि पुढे सबंध माथा उघडा पडतो, या अवस्थेस पुरुषी टक्कल असे म्हणतात. ती थांबविण्यासाठी वा गेलेले केस पुन्हा उगविण्यासाठी टाळूच्या त्वचेवर बाहेरून लावावयाची तेले, लेप व औषधी द्रव यांना प्रस्तुत नोंदीत बाह्योपचार म्हटले आहे. पोटात घ्यावयाची औषधे व केशरोपण यांचा उल्लेख केवळ तुलनेपुरता येईल. टकलाने कोणी दगावत नाही हे खरे. परंतु पंचविशीतील, लग्नाच्या वयाच्या तरुणाला ते सांगून समाधान होत नाही. त्याच्या या व्याकुळतेवर मोठा व्यापार उभा आहे. त्यामुळे कोणते औषध लागू पडते, किती पडते आणि किती काळ, याची छाननी करणे अगत्याचे ठरते.

कारणमीमांसा : डोक्यावर सु. एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील केशपुटक नावाच्या सूक्ष्म पिशवीतून वाढतो. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. त्यानंतर दोनतीन आठवड्यांची संक्रमणावस्था व सु. तीन महिन्यांची विश्रांती असते. मग जुना केस गळून त्याच पुटकातून नवा उगवतो. दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे हे या चक्रामुळे स्वाभाविकच आहे.

पुरुषी टकलात माथ्यावरील पुटके टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनापासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरोन या अधिक प्रभावी हॉर्मोनाला आनुवंशिकतेने अतिसंवेदनशील असतात. त्याच्या प्रभावाने वाढीची अवस्था प्रत्येक चक्रागणिक आखूड होते, पुटक लहान होत जाते आणि जाड काळ्या केसाच्या जागी शेवटी बारीक लव उरते. डोक्याच्या मागील बाजूच्या व कानांवरील पुटकांत ही संवेदनशीलता नसल्यामुळे तेथील केस उतारवयातही टिकून राहतात. षंढ पुरुषांना टक्कल पडत नाही हे निरीक्षण हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील ग्रंथांत आढळते. त्याची शास्त्रीय उपपत्ती मात्र जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शारीरविज्ञांनी १९४२ मध्ये मांडली. वयात येण्यापूर्वी वृषण निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु त्यांपैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना टेस्टोस्टेरोन दिल्यास ते पडू लागते आणि देणे थांबविल्यास पुढे सरकत नाही, असे त्यांना आढळले. टकलाच्या पायऱ्यांचे आज रूढ असलेले सात अवस्थांचे वर्गीकरण हॅमिल्टन यांच्या कामावर आधारून नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारून मांडले.

या मीमांसेतून उपचाराच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पुटक लहान झाले, तरी काही वर्षे ते जिवंत असते आणि औषधाला वाव असतो तो याच काळात. माथा पुष्कळ वर्षे तुळतुळीत राहिल्यावर लावलेल्या औषधाचा उपयोग क्वचितच होतो. म्हणजे निरुपयोगी औषधात रुग्णाचे पैसे जातात त्याहून मोठी हानी त्याचा वेळ जाण्याने होते.

प्रकार व निदान : सर्वच केसगळती एका जातीची नसते. ‘चाई’ या नावाने महाराष्ट्रात सर्वांना माहीत असलेल्या विकारात रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अचानक पडतो; शरीराची प्रतिकारयंत्रणाच पुटकांवर हल्ला करते हे त्याचे कारण होय. विषमज्वर, डेंग्यू, कावीळ यांसारख्या आजारानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोनतीन महिन्यांनी सबंध डोक्यावरचे केस मूठमूठ गळतात. २०२० व २०२१ मधील कोव्हिडच्या साथीनंतर असे असंख्य रुग्ण पहावयास मिळाले. याखेरीज बुरशीचा संसर्ग (मुख्यतः लहान मुलांत), उपदंश, लोहाची कमतरता, अवटू ग्रंथीचे विकार, केस घट्ट ओढून बांधणे व पुटकांचा नाश करून व्रण ठेवणारे काही त्वचारोग ही इतर कारणे आहेत.

यांपैकी आजारानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि केस पूर्ववत होतात. चाईचे लहान चट्टेही पुष्कळदा उपचारावाचून भरून येतात, सु. एकतृतीयांश ते निम्म्या रुग्णांत वर्षभरात केस परत येतात असे दिसून आले आहे. या काळात डोक्याला जे काही लावले असेल, मग तो कांद्याचा रस असो वा शेजारणीने दिलेले तेल असो, त्याला केस उगविल्याचे श्रेय मिळते. बरा झालेला मनुष्य खोटे बोलत नसतो; त्याने तेल लावले व केस आले या दोन्ही गोष्टी खऱ्याच असतात. पण त्याच्या सांगण्यावरून पुरुषी टकलाचा रुग्ण तेच तेल दोन वर्षे चोळत बसतो. गुणकारी म्हणून गाजलेल्या बहुतेक केशौषधींची कीर्ती अशी परक्या रोगाच्या जोरावर वाढलेली आहे.

श्रेयाप्रमाणे दोषाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. इचलकरंजी (जि. कोल्हापूर) हे पंचगंगेच्या काठचे यंत्रमागाचे शहर. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून कापड विणणे हा तेथील मुख्य धंदा झाला. तेथे रुग्ण तपासताना टकलाची दोन कारणे हटकून ऐकावयास मिळतात : एक कूपनलिकेचे जड पाणी आणि दुसरे कारखान्यात उडणारा कापसाचा तंतू. जड पाण्याने साबणाचा फेस होत नाही, केस राठ होतात व काहीसे अधिक तुटतात. कापसाच्या तंतूने टाळू खाजते. हे दोन्ही परिणाम त्वचेबाहेर आलेल्या निर्जीव केसावर वा त्वचेच्या पृष्ठभागावर होतात, खालील पुटकाच्या आकारमानावर त्यांचा प्रभाव पडत नाही. पाण्यात दोष असता, तर त्याच घरातील स्त्रियांच्या डोक्यावरही कपाळापासून मागे सरकणारे टक्कल दिसले असते. मागावर पाळी करणाऱ्या कामगाराला पिकावर मजुरी मिळते. त्याने पाणी गोड करणाऱ्या नळाच्या तोटीपासून निरनिराळ्या तेलांपर्यंत पैसे घालावेत आणि डोके तपासून घेण्याचे मात्र राहून जावे, असे वारंवार घडते. पंचगंगेचे दूषित पाणी हा वेगळा व अधिक गंभीर प्रश्न आहे. २०१२ मध्ये त्या शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ येऊन अनेकांचा बळी गेला. तथापि पुरुषी टकलाशी त्याचा संबंध नाही.

याच्या उलट, कारण खरोखरच बाहेरचे असल्याचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात घडले. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांत डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये स्त्री-पुरुष-मुलांचे केस अवघ्या तीनचार दिवसांत झडून डोकी उघडी पडली. १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाल्याची नोंद आहे. हा भाग खारपाणपट्ट्यातील असल्यामुळे प्रथम संशय पाण्यावर व पुढे बुरशीवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकाने नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपास करून रेशनवरील गव्हात व रुग्णांच्या रक्तात, मूत्रात आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असल्याचे सांगितले. पुढे काहींची नखेही गळाली. कारण पोटातून गेलेले असल्यामुळे तेथे कोणताही लेप व्यर्थच ठरला असता. एका गावातील सर्व वयांच्या स्त्री-पुरुषांचे केस एकदम जाणे आणि एका पुरुषाचे केस दहा वर्षांत मागे सरणे, यांतील फरक ओळखणे हीच निदानाची पहिली पायरी होय.

जुने लेप व तेले : टकलावर औषध शोधण्याची खटपट फार प्राचीन आहे. इ. स. पू. सु. १५५० मधील ईजिप्तच्या एबर्स पपायरसात सिंह, पाणघोडा, मगर, साप इत्यादींची चरबी एकत्र करून डोक्यास लावण्यास सांगितले आहे. आयुर्वेदात ‘इंद्रलुप्त’ व ‘खालित्य’ या नावांनी केस जाण्याच्या विकारांचे वर्णन येते. दूषित पित्त, वात, कफ व रक्त यांमुळे केसांची मुळे रोधली जातात अशी त्यामागची कल्पना आहे. रक्तमोक्षण करून मनःशीळ, हिराकस, मोरचूद, मिरी यांचे लेप, गुंजांचा लेप, जाळलेल्या हस्तिदंताची मषी आणि माक्याच्या रसात सिद्ध केलेले तेल असे उपचार ग्रंथांतून सांगितले आहेत. यांतील पुष्कळशी द्रव्ये त्वचेचा दाह करणारी आहेत. चाईच्या चट्ट्यावर मुद्दाम दाह उत्पन्न करण्याची रीत आधुनिक वैद्यकातही आहे. तेव्हा या लेपांचा चाईत काही उपयोग होत असणे असंभवनीय नाही. मनःशीळ हे आर्सेनिकाचे संयुग असल्याने ते घरच्या घरी वापरणे मात्र धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा इत्यादींची खोबरेलात उकळलेली तेले घरोघर होतात. खोबरेल केसाच्या अंतर्भागात शिरते व धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, हे मुंबईतील एका केशतेल उत्पादक कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्याच प्रयोगात खनिज तेल व सूर्यफुलाचे तेल यांना हा गुण आढळला नाही. हा लाभ खरा आहे, पण तो उगवलेल्या केसाचा आहे. माका व जास्वंद यांच्या अर्कांनी उंदरांच्या पाठीवरील केसांची वाढ लवकर सुरू होते असे काही प्रयोगांत दिसले. माणसाच्या टकलावर पुरेशा रुग्णांत, औषधविरहित तेलाशी तुलना करून घेतलेला पुरावा उपलब्ध नाही. पूर्वी या प्रश्नाची धार बहुधा कमी असावी. पागोटे, फेटा, पुढे गांधी टोपी यांमुळे पुरुषाचे डोके चारचौघांत झाकलेलेच असे, आणि डोके भादरून शेंडी ठेवण्याची चाल असलेल्या समाजात तर कोणाला टक्कल आहे हे सहसा लक्षातही येत नसेल.

मिनॉक्सिडिल : पुरुषी टकलावर उपयुक्त ठरलेले पहिले बाह्य औषध योगायोगाने हाती आले. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने उच्च रक्तदाबासाठी तयार केलेल्या या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर व चेहऱ्यावर जागोजाग केस वाढू लागले. या उपद्रवाचाच उपयोग करून त्याचा द्रव बनविण्यात आला. २ टक्के द्रवास अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. १९९६ मध्ये तो चिठ्ठीवाचून मिळू लागला आणि १९९७ मध्ये पुरुषांसाठी ५ टक्के द्रव आला. फेसाच्या रूपातील औषध २००६ मध्ये निघाले. भारतातही या सर्व स्वरूपांत ते मिळते.

त्याची क्रिया पूर्णपणे उलगडलेली नाही. केशपुटकातील सल्फोट्रान्स्फरेज या एंझाइमामुळे त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेट बनते व तेच क्रियाशील असते. या एंझाइमाचे प्रमाण व्यक्तिपरत्वे बदलते, म्हणून काहींना औषध मुळीच लागू पडत नाही. त्यामुळे विश्रांती घेणारी पुटके लवकर वाढीच्या अवस्थेत येतात व ती अवस्था लांबते. हॉर्मोनाच्या क्रियेला त्याने आळा बसत नाही. टकलाचे मूळ कारण शाबूत राहते, आणि औषध सोडले की लाभही जातो तो यामुळेच.

लाभ किती, हे आकड्यांवरून पाहणे उद्बोधक आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ३९३ पुरुषांना ५ टक्के, २ टक्के व औषधविरहित असे द्रव ४८ आठवडे देण्यात आले. कोणाच्या बाटलीत काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यालाही. अखेरीस माथ्यावरील दर चौ. सेंमी. मागे जाड केसांची संख्या अनुक्रमे १८·६, १२·७ व ३·९ इतकी वाढली. औषध नसलेल्या द्रवानेही जवळजवळ चार केस वाढले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या तेलाची अशा द्रवाशी तुलनाच झालेली नाही त्याने ‘केस वाढले’ या विधानाला किती अर्थ उरतो, हे त्यावरून कळते. निरोगी डोक्यावर दर चौ. सेंमी. मध्ये सु. २०० केस असतात. तेव्हा १८ केसांची भर नगण्य नाही, पण तारुण्यातील केशसंभार परत आणणारीही नाही.

कॅलिफोर्नियातील व्हेरा प्राइस व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळी पद्धत अवलंबिली. ३६ पुरुषांच्या माथ्यावरील एका खुणेच्या जागेचे केस ठराविक काळाने कापून त्यांचे वजन करण्यात आले. ५ टक्के द्रव लावणाऱ्यांत हे वजन सु. ३० टक्क्यांनी वाढून ९६ आठवड्यांपर्यंत बव्हंशी टिकले. काहीच न लावणाऱ्यांत ते दरवर्षी सु. ६ टक्क्यांनी घटत गेले. औषध थांबविल्यावर २४ आठवड्यांच्या आत लाभ नाहीसा झाला. घट याच गतीने होते असे धरले, तर तीन वर्षे निरुपयोगी तेलावर काढणाऱ्याने तेवढ्या जागेतील केसांच्या वजनाचा सु. सहावा हिस्सा गमावला असे होईल. व्यक्तिगणिक ही गती भिन्न असते. हे गणित केवळ कल्पना येण्यापुरते घ्यावे. दुसऱ्या बाजूने पाहता, औषधाचा लाभ पहिल्या वर्षानंतर हळूहळू ओसरतो. २ टक्के द्रव पाच वर्षे लावलेल्यांच्या पाहणीत केस प्रारंभापेक्षा अधिक, पण सर्वोच्च पातळीपेक्षा कमी आढळले.

वापरण्याची रीत अशी : डोके कोरडे असताना १ मिलि. द्रव दिवसातून दोनदा, केसांना न चोपडता टाळूच्या त्वचेला लागेल असा लावावा. या मात्रेने ६० मिलि.ची बाटली महिनाभर पुरते. अधिक लावल्याने अधिक केस येत नाहीत. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. विश्रांतीतील जुने केस नव्या वाढीने ढकलले जातात त्याचा हा परिणाम असतो. हे आधी न सांगितल्यास रुग्ण घाबरून नेमके याच वेळी औषध टाकतो. चारसहा महिन्यांपूर्वी गुण आला की नाही याचा निवाडा करू नये आणि वर्षभरात काहीच फरक न दिसल्यास ते पुढे चालवू नये. प्रत्येक तीन महिन्यांनी, एकाच उजेडात, एकाच बाजूने घेतलेले छायाचित्र हे आरशापेक्षा विश्वसनीय असते.

त्वचेतून सु. १·४ टक्का औषध रक्तात जाते. खाज, कोंडा, लाली हे मुख्य उपद्रव असून ते पुष्कळदा औषधाच्या नसून त्यातील प्रोपिलीन ग्लायकॉल या विद्रावकाच्या असह्यतेमुळे होतात. अशांना फेस मानवतो. छातीत धडधड, चक्कर वा पायावर सूज आल्यास औषध थांबवावे. हृदयविकार असलेल्यांनी वैद्याला विचारूनच ते वापरावे. औषध लावलेल्या डोक्याचा वा हाताचा तान्ह्या मुलाला वारंवार स्पर्श झाल्यास त्याच्या अंगावर दाट केस उगवतात. अशी उदाहरणे यूरोपात नोंदली गेल्यावर तेथील औषध यंत्रणेने २०२४ मध्ये सावधगिरीची सूचना दिली. एकाच खोलीत, एकाच उशीवर घरादाराने झोपण्याची आपल्याकडील रीत पाहता ही सूचना येथे अधिकच लागू पडते. मांजराने हा द्रव चाटल्यास ते दगावू शकते.

सूक्ष्म सुयांचा उपयोग : बारीक सुया बसविलेला रूळ टाळूवर फिरवून मग मिनॉक्सिडिल लावण्याच्या पद्धतीचा पहिला उल्लेखनीय अभ्यास मुंबईत झाला. रचिता धुरत व सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १०० पुरुष होते. निम्म्यांना ५ टक्के द्रव व आठवड्यातून एकदा सुयांचा रूळ, तर उरलेल्यांना केवळ द्रव देण्यात आला. १२ आठवड्यांनंतर मोजलेल्या जागेतील केसांत सरासरी वाढ पहिल्या गटात ९१·४ व दुसऱ्या गटात २२·२ इतकी आढळली. फरक लक्षणीय असला, तरी सुया टोचल्या की नाही हे रुग्णापासून लपविता येत नाही आणि १२ आठवडे हा अवधी थोडा आहे. न्हाव्याच्या दुकानात वा घरी एकच रूळ अनेकांनी वापरणे हे रक्तातून पसरणाऱ्या रोगांना आमंत्रण होय.

फिनॅस्टेराइड : डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत टेस्टोस्टेरोनाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनात रूपांतर करणारे एंझाइम जन्मतः कमी असते व त्यांतील पुरुषांना टक्कल पडत नाही, या १९७४ मधील निरीक्षणातून हे एंझाइम रोधणारे औषध शोधण्याची दिशा मिळाली. फिनॅस्टेराइडाची १ मिग्रॅ.ची गोळी टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाली. ती मूळ कारणावर काम करते; परंतु कामेच्छा कमी होणे, शिश्नाच्या ताठरतेत न्यूनता येणे इ. उपद्रव काही पुरुषांत होतात. आत्महत्येचे विचार येणे हाही तिचा उपद्रव असल्याचे यूरोपीय औषध यंत्रणेने २०२५ मध्ये मान्य केले. म्हणून हेच औषध बाहेरून लावण्याकडे कल वळला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ०·२५ टक्के द्रवाचा फवारा २४ आठवडे वापरला असता केसांतील वाढ गोळीच्या तोडीची दिसली, तर रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरोनात गोळीने सु. ५६ टक्के व फवाऱ्याने सु. ३५ टक्के घट झाली. बाहेरून लावले म्हणजे औषध डोक्यावरच राहते हा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही. औषधविक्रेत्यांनी परस्पर मिसळून दिलेल्या अशा द्रवांबाबत आलेल्या ३२ तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला. गर्भवती स्त्रीचा या औषधाशी स्पर्श होऊ देऊ नये; पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांत विकृती येण्याचा संभव असतो.

इतर द्रव्ये : कोंड्यावरील कीटोकोनॅझोलाच्या २ टक्के शांपूने केसांची जाडी थोडी वाढते असे १९९८ मधील एका लहान अभ्यासात आढळले, कोंडा असेल तेथे ते जोडीला वापरण्यास हरकत नाही. रोझमेरीच्या तेलाची फार वाहवा होते. तिचा आधार असलेल्या इराणमधील २०१५ च्या चाचणीत १०० पुरुषांत त्याची तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलाशी केली होती, मात्र निष्प्रभ द्रवाचा तिसरा गट ठेवलेला नव्हता. कॅफीनयुक्त द्रव ५ टक्के मिनॉक्सिडिलापेक्षा कमी नाही असे भारतात २१० पुरुषांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात दिसले. पण कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक होते व खर्च त्या द्रवाच्या उत्पादकाने केला होता. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने कॅफीनच्या शांपूने केसगळती कमी होते हा दावा अमान्य केला. कांद्याच्या रसाचा नेहमी दाखला दिला जाणारा २००२ मधील इराकी अभ्यास तर चाईच्या रुग्णांवरील आहे, पुरुषी टकलावरील नव्हे.

जाहिराती व कायदा : भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात कोणतेही औषध बरे करते असा दावा करू नये अशा विकारांची यादी दिली आहे. तीत टक्कल व नवे केस उगविणे यांचा स्पष्ट अंतर्भाव आहे. असे असूनही मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर येथे टकलावर तेल लावण्याच्या जाहीर शिबिरात जमलेल्या लोकांपैकी साठांहून अधिक जणांना डोळ्यांची तीव्र आग व सूज होऊन रुग्णालय गाठावे लागले. मोठे उत्पादक कायद्याची मर्यादा शब्दांनी सांभाळतात. ‘केसगळती कमी करते’ असे मोठ्या अक्षरांत छापून खाली बारीक टाइपात ‘तुटण्यामुळे होणारी’ असे जोडलेले असते. केस मध्येच तुटणे तेलाने खरोखर कमी होते, त्यामुळे विधान खोटे ठरत नाही. तुटलेल्या केसाच्या एका टोकाशी पांढरा बारीक कंद नसतो, मुळापासून गळालेल्या केसाला तो असतो. फणीत आलेले केस उजेडात धरून पाहिल्यास हा भेद कोणालाही ओळखता येतो.